चुंबकाची ओढ, पृष्ठाचा ताण

लोहचुंबक हा शब्द आपण इतक्या लहान वयात शिकतो की त्यातले चुंबन कानाला जाणवतही नाही. चुम्ब् हा संस्कृत धातू मुका घेण्याचा. लोखंडाचा मुका घेतो तो लोहचुंबक. टाचण्या उचलणाऱ्या दगडाकडे पाहून कोणा पूर्वजाला जोर आठवला नाही, प्रेम आठवले, आणि त्याने दिलेले नाव आजही भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बिनतक्रार उभे आहे.

प्रेम आठवणारे आपण एकटे नव्हतो. चिनी भाषेत या दगडाचे जुने नाव ‘त्सश्श’, म्हणजे मायाळू दगड. तमिळमध्ये चुंबक म्हणजे ‘कांदम्’. तो संस्कृत ‘कान्त’ म्हणजे प्रियकर. तेलुगू आणि कन्नड भाषांनी पूर्ण नाव जपले, अयस्कांत, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. फारसीला मात्र यात लूट दिसली. तिथे चुंबक म्हणजे ‘आहनरुबा’, लोखंड पळवणारा. ग्रीकांनी स्वभाव न पाहता गाव पाहिले. मॅग्नेशिया नावाच्या प्रदेशातला दगड म्हणून ‘मॅग्नेट’, आणि युरोपच्या बहुतेक भाषांनी तोच शब्द उचलला. इंग्रजांच्या जुन्या ‘लोडस्टोन’मध्ये ‘लोड’ म्हणजे वाट. खलाशाला वाट दाखवणारा तो वाटाड्या दगड.

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना सल्ला देतो की, अयस्कांताने लोखंड ओढावे तसे उमेच्या रूपाने शंकराचे मन ओढून घ्या. उपमा सहज आली आहे, म्हणजे श्रोत्यांना दगड आणि त्याचे नाव दोन्ही ओळखीचे असणार. वैशेषिक सूत्रांत कणादाने सुईच्या चुंबकाकडे सरकण्याचा प्रश्न वेगळ्या गांभीर्याने घेतला आणि त्या हालचालीला ‘अदृष्ट’ हे कारण दिले. जे कारण डोळ्यांना दिसत नाही त्याला न दिसणारे म्हणणे हा प्रामाणिकपणा आहे. पुढे १६०० साली विल्यम गिल्बर्टने चुंबकावरचा आपला मोठा लॅटिन ग्रंथ लिहिला, तेव्हा ‘आकर्षण’ हा शब्द त्याला खटकला. एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने ओढले जायचे, असा एकतर्फी अर्थ त्यात येतो. त्याने ‘कोइतिओ’ हा शब्द निवडला. त्याचा अर्थ दोघांनी मिळून एकत्र येणे. चुंबन हा शब्द त्याला माहीत असता तर आवडला असता, कारण चुंबनही दोघांचेच असते.

मध्ययुगातल्या रसशास्त्राच्या ग्रंथांनी या प्रियकराची नीट वर्गवारी केली. ‘रसरत्नसमुच्चय’ कांताचे पाच प्रकार सांगतो: भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत. लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, चिकटवून घेतो तो चुंबक, ओढतो तो कर्षक. लोखंडाला प्रत्यक्ष पातळ करतो तो द्रावक. आणि फोडल्यावर ज्यातून केसांसारखे तंतू उगवतात तो रोमकांत. या यादीतले पहिले तीन शब्द कुठल्याही चुंबकाला लागू पडतात. शेवटचे दोन मात्र मला एका विसाव्या शतकातल्या पदार्थाकडे घेऊन जातात, आणि हा लेख त्या पदार्थाबद्दल, त्याच्या पृष्ठावरच्या ताणाबद्दल आणि तो ताण मोजताना कामी येणाऱ्या शब्दांबद्दल आहे.

चुंबक पातळ करता येईल का? वितळवून नाही. लोखंड तापवत गेले की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचे चुंबकत्व जाते आणि ते वितळते १,५३८ अंशांना. द्रव होण्याच्या किती तरी आधी ते चुंबक उरत नाही. मॅग्नेटाइट या नैसर्गिक चुंबकी खनिजाचीही तीच गत. मग वाट उरते ती दळण्याची. १९६३मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या नासा केंद्रात स्टीव्ह पॅपेल यांच्यासमोर प्रश्न होता की वजनरहित अवस्थेत रॉकेटच्या टाकीतले इंधन पंपाच्या तोंडाशी कसे आणायचे. तिथे इंधनाला ‘खाली’ अशी दिशाच नसते. त्यांनी मॅग्नेटाइटची भुकटी ओलेइक आम्लासह हायड्रोकार्बन तेलात गोळ्यांच्या गिरणीत अनेक दिवस दळली. कण इतके बारीक झाले की ते तळाशी बसेनात. चुंबक जवळ आणला की कण ओढले जात आणि कणांबरोबर अख्खे तेल ओढले जाई. पुढच्याच वर्षी जोसेफ न्यूरिंगर आणि रोनाल्ड रोझेनस्वाइग यांनी या पदार्थाच्या गतिशास्त्राला ‘फेरोहायड्रोडायनॅमिक्स’ असे लांबलचक नाव दिले. त्यात ‘फेरम’ म्हणजे लोखंड हे लॅटिन, तर पाणी आणि शक्ती हे दोन्ही शब्द ग्रीक.

मराठीत या पदार्थाला चुंबकी द्रव म्हणावे की चुंबकी द्रायू? ‘द्रायू’ हा मराठी विश्वकोशाच्या परंपरेतला देखणा शब्द आहे. द्रव आणि वायू यांचा सांधा जोडून तो केला, म्हणून वाहणाऱ्या दोन्ही अवस्था त्यात मावतात. द्रायुयामिकी म्हणजे अशा वाहणाऱ्या पदार्थांचे गतिशास्त्र. पण आपला पदार्थ वायू कधीच नसतो, तेव्हा इथे ‘द्रव’ हाच शब्द नेमका. द्रु धातूचा अर्थ धावणे. द्रव म्हणजे धावणारा. लॅटिन ‘फ्लुइडस’ वाहतो, आपला द्रव धावतो.

आतल्या रचनेला रसायनशास्त्राचा शब्द आहे ‘कलिल’. १८६१मध्ये टॉमस ग्रॅहमने डिंकासारख्या पदार्थांवरून ‘कोलॉइड’ शब्द केला. ग्रीक ‘कोल्ला’ म्हणजे सरस, चिकट गोंद. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी चिकटपणा बाजूला ठेवला आणि कलिल हा जुना संस्कृत शब्द घेतला. त्याचा अर्थ मिसळलेले, गुंतलेले, दाट. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोहाच्या गुंत्याला कलिल म्हटले आहे. पदार्थ समजून घेतला की ही निवड किती चपखल आहे ते कळते. या द्रवातला एकेक कण सुमारे १० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भाग. प्रत्येक कणाभोवती ओलेइक आम्लाच्या रेणूंचे आवरण. रेणूंची डोकी कणाला धरून आणि शेपट्या बाहेर तेलात. या शेपट्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. तेलाचे रेणू त्यांना सतत धक्के देत राहतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. चिकटणे इथे नकोच असते. कण चिकटले की गुठळ्या होतात आणि द्रव बिघडतो. हव्या असलेल्या गुंत्याला गोंदाचे नाव देण्यापेक्षा गुंत्याचेच नाव देणे बरे.

आता पृष्ठ. संस्कृतात पृष्ठ म्हणजे आधी पाठ. प्राकृतातून येताना तेच मराठीत ‘पाठ’ झाले, हिंदीत ‘पीठ’. (धडा या अर्थाचा पाठ वेगळा, तो पठ् धातूचा.) पाठीवरून पृष्ठाचा अर्थ वरच्या बाजूकडे सरकला. चार पायांच्या प्राण्याची सर्वांत वरची बाजू पाठच असते. म्हणून भूपृष्ठ, अश्वपृष्ठ, स्वर्गाच्या माथ्यासाठी नाकपृष्ठ, आणि शेवटी पुस्तकाचे पृष्ठ. वेदात अग्नीला घृतपृष्ठ म्हटले आहे, ज्याच्या पाठीवर तूप आहे असा. युरोपात याच जागेला लॅटिनने ‘सुपरफिकिएस’ म्हटले. त्यात ‘फाकिएस’ म्हणजे चेहरा, आणि त्यातून ‘सरफेस’ निघाला. त्यांनी पाण्याचा चेहरा पाहिला, आपण पाण्याची पाठ पाहिली. भौतिकीच्या दृष्टीने पाठ अधिक सोयीची, कारण पाठीवर ओझे घेता येते, आणि पृष्ठताणाचा सगळा प्रश्न पृष्ठ किती भार पेलते याचाच आहे.

ताण या शब्दाचे कूळ तर फार मोठे आहे. मूळ तन्, म्हणजे पसरणे, लांब करणे. त्यातून तंतू, त्यातून तंत्र, गवयाची तान, विणकराचा ताणा, पाठ्यपुस्तकातली धातूची तन्यता. तनु म्हणजे बारीक, पातळ. जे ताणले ते पातळ झाले. लॅटिनमध्ये याच घराण्यातला ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे, आणि त्यातून ‘टेन्शन’. ग्रीक ‘तोनोस’ म्हणजे ताणलेली तार आणि तिचा स्वर. म्हणून पृष्ठताण हा शब्द ‘सरफेस टेन्शन’वरून बेतलेला असला, तरी त्याचा उत्तरार्ध परका नाही. ताण आणि टेन्शन एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. शेजारी एक सारखा दिसणारा शब्दही आहे. तंबूच्या दोऱ्यांना आपण तणावे म्हणतो, तो शब्द फारसी ‘तनाब’वरून आला. तंबूच्या दोरीला ताण असतोच, म्हणून दोन वेगळ्या घरांतले शब्द मराठी कानाला सख्खे वाटू लागले.

द्रवाच्या पृष्ठाला ताण का असतो? आतल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी धरून असतात. पृष्ठावरच्या रेणूला वरच्या बाजूने फारसे कोणी नसते, त्यामुळे त्याच्यावरची एकूण ओढ आत जाते. परिणामी पृष्ठ आपले क्षेत्रफळ शक्य तितके कमी करू पाहते. पृष्ठावर १ मीटर लांबीची रेघ कल्पिली तर तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना किती जोराने ओढतात, तो आकडा म्हणजे पृष्ठताण. शुद्ध पाण्यासाठी २० अंश सेल्सिअसला तो मीटरला सुमारे ७२.८ मिलिन्यूटन. रॉकेलासारख्या तेलात केलेल्या चुंबकी द्रवाचा ताण त्याहून पुष्कळ कमी, साधारण २५ ते ३०च्या आसपास, म्हणजे मूळ तेलाइतकाच. याचे कारण आवरणात आहे. कण लोखंडाच्या ऑक्साइडचे असले तरी त्यांच्या बाहेर आलेल्या शेपट्या हायड्रोकार्बनच्या आहेत, आणि पृष्ठापाशी तेल व तेलासारख्याच शेपट्या असतात.

हा ताण मोजण्याच्या जुन्या रीती आपल्या एका नेहमीच्या बोलण्यात सामावतात: ताणले की तुटते. १८६३मध्ये लुडविग विल्हेल्मीने पातळ पत्रा द्रवात उभा धरून त्यावर येणारी खालची ओढ तराजूने मोजली. पुढच्याच वर्षी टॉमस टेट याने नळीच्या तोंडाशी लोंबणारा थेंब सुटतो तेव्हा त्याचे वजन किती असते, यावरून नियम मांडला. अ‍ॅग्नेस पोकेल्स या जर्मन बाईंना विद्यापीठाची दारे बंद होती. ब्राउनश्वाइगच्या घरी, स्वयंपाकघरात, त्यांनी पाण्याच्या कुंडातून लहानशी चकती तराजूने उचलून पृष्ठाचा ताण मोजला आणि पृष्ठावरचा तवंग दाबून-सोडून ताण कसा बदलतो ते नोंदवले. त्यांनी लॉर्ड रॅले यांना लिहिलेले पत्र १८९१मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. ‘तवंग’ हा मराठी शब्द इथे मुद्दाम वापरला, कारण पृष्ठावर पसरलेल्या स्निग्ध थरासाठी त्याच्याइतका नेमका शब्द शोधून सापडणार नाही. १९१९मध्ये पिएर लेकोंत द्यु नुई यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत प्लॅटिनमच्या तारेचे आडवे कडे वापरले. कडे द्रवात बुडवायचे आणि हळूहळू वर ओढायचे. कड्याबरोबर द्रवाचा पातळ पडदा वर येतो, ताणला जातो आणि शेवटी तुटतो. त्यातला सर्वांत मोठा जोर टिपायचा. पडद्याला आतून आणि बाहेरून दोन पृष्ठे असतात, म्हणून परिघाची लांबी दुप्पट धरायची. ६ सेंटिमीटर परिघाचे कडे आणि मीटरला २७ मिलिन्यूटन ताणाचे तेल घेतले, तर ही ओढ सुमारे एक तृतीयांश ग्रॅम वजनाइतकी भरते. एवढ्या लहान वजनासाठी चांगला तराजू आणि निर्मळ भांडे लागते. बोटाचा स्निग्धपणा लागला तरी आकडा बदलतो.

चुंबकी द्रवाला चुंबकी क्षेत्राशिवाय मोजायचे असेल तर या रीती चालतात. केशनळीत द्रव किती चढतो हे पाहणे अवघड जाते, कारण द्रव काळाकुट्ट असतो आणि काचेवर आपला थर सोडतो. लोंबत्या थेंबाचे मात्र तसे नाही. काळ्या थेंबाची बाह्यरेषा उजेडासमोर स्वच्छ दिसते. त्या रेषेचा बाक कुठे किती आहे यावरून ताणाचा हिशेब करता येतो.

खरा प्रश्न क्षेत्र लावल्यावर उभा राहतो. तिथे मराठीतला ‘ओढाताण’ हा जोडशब्द आपल्याला सावध करतो. रोजच्या बोलण्यात ओढ आणि ताण आपण एकत्र बांधून टाकतो. कोणाची ओढ आणि कोणाचा ताण, असे विचारत नाही. प्रयोगशाळेत नेमके तेच विचारावे लागते. समजा, कडे द्रवातून वर ओढताना खाली विद्युतचुंबक आहे आणि क्षेत्र खालच्या बाजूला अधिक तीव्र आहे. मग कड्याबरोबर वर आलेल्या द्रवाला चुंबक खाली ओढतो. तराजूवर दिसणारा आकडा वाढतो. तो वाढलेला आकडा पृष्ठताण म्हणून वहीत लिहिणे चूक ठरेल, कारण पृष्ठाने काही केलेले नाही. ओढ सगळ्या द्रवावर, त्याच्या आकारमानावर काम करते. ताण फक्त पृष्ठावर, त्याच्या कडेवर. लोंबत्या थेंबालाही हेच लागू आहे. असमान क्षेत्रात थेंबाला जणू जास्त वजन येते. एकसमान क्षेत्रात वजन वाढत नाही, पण थेंब क्षेत्राच्या दिशेने लांबोळा होतो, कारण त्याच्या टोकांपाशी चुंबकी दाब बाहेर ढकलतो आणि पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो.

याच दुसऱ्या गोष्टीतून मोजमापाची एक चांगली रीत निघाली. पॅरिसमध्ये जाँ-क्लोद बाक्री आणि डोमिनिक सालाँ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चुंबकी द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्या द्रवात तरंगत ठेवून त्यांच्यावर क्षेत्र लावले आणि थेंब किती लांबतात ते पाहिले. क्षेत्र आपल्याला माहीत आहे, द्रवाचे चुंबकन, म्हणजे तो किती चुंबकित झाला ते, मोजता येते, थेंबाचा आकार दिसतो. मग अज्ञात उरतो तो फक्त पृष्ठताण. शिवाय एका मर्यादेपलीकडे थेंब हळूहळू लांबत नाही, एकदम उडी मारून सुईसारखा होतो. क्षेत्र कमी केले तरी तो लगेच मागे येत नाही. इथे ओढ आणि ताण दोन्ही हजर आहेत, आणि एक मोजून दुसरा काढता येतो. ओढाताणीतले दोन शब्द वेगळे करून वाचायचे ते असे.

आता काट्यांकडे. पसरट थाळीत चुंबकी द्रव ओता आणि खालून उभे, एकसमान क्षेत्र हळूहळू वाढवा. बराच वेळ पृष्ठ सपाट राहते. मग एका विशिष्ट क्षेत्राला पृष्ठावर एकाएकी काटे उभे राहतात, षट्कोनी नक्षीत, एकसारख्या अंतरावर. १९६७मध्ये मार्टिन काउली आणि रोझेनस्वाइग यांनी याचे गणित मांडले आणि ते प्रयोगाशी ताडून पाहिले. पृष्ठावर कुठे थोडा उंचवटा आला की चुंबकीय रेषा तिथे एकवटतात आणि उंचवटा आणखी वाढवतात. गुरुत्व आणि पृष्ठताण त्याला खाली दाबतात. रुंद उंचवटा उचलायला गुरुत्व आडवे येते, अरुंद उंचवटा उचलायला पृष्ठताण आडवा येतो. मधे कुठे तरी एक रुंदी अशी असते जिथे दोघांचा विरोध मिळून सर्वांत कमी पडतो. काटे त्याच अंतराने उगवतात.

म्हणून काट्यांचे अंतर मोजले की ताण कळतो. काट्यांच्या ओळींमधल्या अंतराचा वर्ग घ्यायचा, त्याला द्रवाच्या घनतेने आणि गुरुत्वीय त्वरणाने गुणायचे आणि पायच्या (π) वर्गाच्या चौपटीने भागायचे. घनता पाण्याच्या सव्वापट असलेल्या द्रवात ओळींमधले अंतर १० मिलिमीटर आले, तर पृष्ठताण मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन निघतो. ओळींमधले अंतर आणि शेजारच्या दोन टोकांमधले अंतर यांत गल्लत करता कामा नये. षट्कोनी नक्षीत टोकांमधले अंतर सुमारे १५ टक्क्यांनी जास्त असते, म्हणजे वरच्या उदाहरणात साडेअकरा मिलिमीटर. अंतराचा वर्ग घ्यायचा असल्याने ही गल्लत झाली तर ताण एक तृतीयांशाने जास्त येईल. आणि अंतर काटे नुकतेच उमटतात तेव्हाचे घ्यायचे. क्षेत्र खूप वाढवल्यावर नक्षी स्वतःच बदलू लागते आणि हा साधा हिशेब लागू राहत नाही. काटे कोणत्या क्षेत्राला उभे राहतात यावरूनही ताण काढता येतो, पण तिथे ताण चुंबकनाच्या चौथ्या घाताशी जोडलेला आहे. चुंबकन मोजण्यात २ टक्के चूक झाली तर ताणात सुमारे ८ टक्के चूक येते. अंतरातली तेवढीच चूक ताणात ४ टक्केच आणते. म्हणून मोजपट्टी इथे महागड्या उपकरणाहून विश्वासाची ठरू शकते.

मराठीत काटा या शब्दाने हा सगळा प्रवास आधीच केलेला आहे. मूळ कण्टक, म्हणजे बाभळीचा काटा, बोरीचा काटा. मग आकारावरून माशाचा काटा, विहिरीत पडलेली भांडी काढायचा काटा. पुढे तराजूच्या मधोमध असलेली टोकदार जीभ म्हणजे काटा, कारण ती सरळ उभी राहिली की पारडी समतोल झाली. तिच्यावरून अख्ख्या तराजूलाच काटा म्हणू लागले. सोनाराचा काटा, वखारीतला वजनकाटा आणि घड्याळाचा काटाही त्याच वाटेने आला. काटेतोल म्हणजे तंतोतंत वजन. आणि काटेकोर, आज नेमकेपणासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द, तोही याच तराजूच्या काट्याशी बांधलेला. टोचणाऱ्या वस्तूचे नाव मोजणाऱ्या वस्तूला आणि तिथून नेमकेपणाच्या गुणाला मिळाले, हा भाषेचा सुंदर प्रवास आहे. चुंबकी द्रवाच्या थाळीत या शब्दाचे सगळे अर्थ एकाच वेळी खरे होतात. पृष्ठावर उभे राहिलेले काटे आकाराने काटेच आहेत, आणि ओढ व ताण यांचा समतोल कुठे आहे हे सांगणारे तराजूचे काटेही तेच आहेत.

काट्याचा आणखी एक अर्थ राहिला. अंगावर काटा येतो तो रोमांच. संस्कृतात रोम म्हणजे अंगावरचा केस. इथे रसशास्त्रातला रोमकांत आठवतो, ज्यातून रोम उगवतात तो चुंबकी दगड. मध्ययुगीन वैद्याला चुंबकी द्रव माहीत होता असे याचा अर्थ नाही, आणि तसे सुचवणे त्या ग्रंथांवर अन्याय करणारे ठरेल. रोमकांत हा दगड होता, त्याची परीक्षा आणि त्याचा उपयोग वेगळाच होता. साम्य आहे ते पाहण्याच्या रीतीत. चुंबकाजवळ लोखंडाची भुकटी केसांसारखी उभी राहते हे पाहणारे डोळे तेव्हाही होते, आणि त्या डोळ्यांनी जे पाहिले त्याला नाव दिले. द्रावक हे नावही तसेच. चुंबकाने लोखंड पातळ करावे ही कल्पना आधी शब्दात आली. तापवून ते जमत नाही हे आपल्याला आज माहीत आहे. १० नॅनोमीटरपर्यंत दळल्यावर जमते, हे १९६३नंतर माहीत झाले.

परिभाषा घडवणाऱ्या आपल्या आधीच्या पिढ्यांनी पृष्ठताण, द्रायू, कलिल, चुंबकन असे शब्द आपल्या हाती दिले, आणि ते टिकाऊ आहेत. पण नव्या विषयावर मराठीत लिहिताना केवळ संस्कृत धातूंकडेच पाहायचे कारण नाही. काटे, ओढ, ताण, तवंग, थेंब हे शब्द शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात घासून इतके नेमके झाले आहेत की प्रयोगाच्या वहीत ते जसेच्या तसे चालतील. ‘शंक्वाकार उंचवटे’ असे लिहिण्यापेक्षा ‘काटे’ लिहिलेले विद्यार्थ्याला लगेच दिसते, आणि काटा म्हणजे तराजू हेही त्याला माहीत असते. फक्त एक शिस्त पाळायची. जो आकडा पृष्ठाचा, त्यालाच पृष्ठताण म्हणायचे. क्षेत्र लावून काढलेल्या आकड्यात चुंबकाची ओढ मिसळली असेल, तर ती वेगळी करून दाखवायची, आणि वेगळी करता आली नसेल तर आकड्यासमोर ‘क्षेत्रात मोजलेला’ असे स्पष्ट लिहायचे. शब्द नेमका वापरणे हा मोजमापाचाच भाग आहे. ज्या वहीत ओढ आणि ताण वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतील, तीच वही काटेकोर म्हणायची.